गाडी बंद असताना करंट कोण खातंय

बाबांची गाडी २१ वर्षांची आहे. गेल्या दोन वर्षांत तिला दोन नव्या बॅटऱ्या घातल्या आणि त्यातली दुसरीही मागच्या महिन्यात बसली, अगदी पहिलीसारखीच, आधी सेल्फ जड फिरायला लागला, मग नुसतं टक् टक् टक्, आणि मग तेही नाही, डॅशबोर्डवरचे दिवे मंद होत होत विझले. दोन्ही वेळा ज्याने कुणी गाडी बघितली त्याने बॅटरीला मीटर लावला, "बॅटरी गेली" म्हणून सांगितलं आणि बदलून दिली. बॅटरी गेली होती हे खरंच होतं हो. पण ती का गेली हे कुणीच विचारलं नाही, आणि तिसऱ्यांदा तेच ऐकायची माझी तयारी नव्हती. म्हणून यावेळी ठरवलं की नवीन काहीही विकत घ्यायच्या आधी गाडी बंद असताना करंट जातोय का, किती जातोय आणि कुठून जातोय हे स्वतः मोजायचं. दोन शनिवार-रविवार गेले त्यात. जे सापडलं ते सविस्तर लिहून ठेवतेय कारण मी शोधत होते तेव्हा मला "एकेक फ्यूज काढून बघा" यापलीकडे फारसं काही मिळालं नाही, आणि आमच्या गाडीत खरा दोष फ्यूज काढून सापडणारच नव्हता.

लक्षण एका वाक्यात सांगायचं तर रोज चालवली की ठीक, तीन दिवस उभी राहिली की बंद. बाबा आधी रोज गाडी काढायचे तेव्हा हे कधी जाणवलंच नाही. आता आठवड्यातून एकदोनदाच काढतात आणि तेव्हापासून हे सुरू झालं, त्यामुळे सगळ्यांनाच वाटलं की गाडी वापरात नाही म्हणून बॅटरी उतरते. असं वाटणं साहजिक आहे पण आकडा मांडून बघितला की पटत नाही. आमची बॅटरी ४५ अँप-अवरची, म्हणजे भरलेली असताना एक अँप करंट साधारण ४५ तास देईल एवढी. चांगल्या अवस्थेतली जुनी गाडी बंद असताना घड्याळ, स्टिरिओची मेमरी, सेंट्रल लॉकचा रिसीव्हर असल्या गोष्टींना मिळून साधारण १० ते ३० मिलिअँप (एक अँप म्हणजे हजार मिलिअँप) घेते, नव्या गाड्यांमध्ये कंट्रोल युनिट जास्त असतात म्हणून ५० पर्यंत चालवून घेतात. समजा अगदी ५० धरले तरी दिवसाचे होतात १.२ अँप-अवर, म्हणजे निम्मी बॅटरी रिकामी व्हायला अठरा-एकोणीस दिवस लागायला हवेत. तीन दिवसांत बॅटरी बसते म्हणजे त्याच्या कितीतरी पट करंट कुठेतरी जातोय, किंवा बॅटरीच स्वतःच्या आत उतरतेय. या दोनपैकी काय, हे आधी ठरवायला लागतं.

ते ठरवायची पद्धत इतकी सोपी आहे की आधीच कुणी का केली नाही याचं मला खरंच वाईट वाटलं. बॅटरी चार्जरवर पूर्ण चार्ज केली, काही तास तशीच ठेवली (चार्जिंगनंतर लगेच मोजलं तर आकडा फुगलेला दिसतो), आणि मोजली तेव्हा १२.६४ व्होल्ट. मग निगेटिव्ह टर्मिनल काढून बॅटरी गाडीतच पण सुटी ठेवली. तीन दिवसांनी १२.६२. म्हणजे बॅटरीच्या आत काही गळती नाही. मग टर्मिनल जोडलं, गाडी लॉक केली, दोनच दिवसांनी मोजली, १२.१. ज्यांना या आकड्यांची सवय नाही त्यांच्यासाठी, बारा व्होल्टच्या साध्या बॅटरीत सहा सेल असतात, पूर्ण भरलेली असताना १२.६ ते १२.७, १२.२ च्या आसपास निम्मी, आणि १२.० म्हणजे जेमतेम पाव उरली. १२ व्होल्टची बॅटरी आहे आणि मीटर १२ दाखवतोय म्हणजे भरलेली आहे, असं बऱ्याच जणांना वाटतं, तसं ते नाही.

म्हणजे दोष गाडीत. आता मोजायचं.

करंट मोजायला मीटर (व्होल्ट, अँप सगळं मोजणारा साधा मल्टिमीटर) वाटेत घालावा लागतो, म्हणजे निगेटिव्ह टर्मिनल बॅटरीवरून काढायचं आणि मीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरी काढलेल्या केबलला, जेणेकरून गाडीला जाणारा सगळा करंट मीटरमधून जाईल. लाल वायर मीटरच्या १० अँपच्या सॉकेटमध्ये, मिलिअँपच्या नाही. आणि करंटवर लावलेला मीटर चुकूनही बॅटरीच्या प्लस-मायनसला थेट लावायचा नाही, तो मीटरच्या आतून सरळ शॉर्ट आहे, मीटर जाईल आणि हातही भाजेल. निगेटिव्हच काढायचं कारण असं की पाना बॉडीला लागला तरी ठिणगी उडत नाही, पॉझिटिव्ह काढताना पाना बॉडीला टेकला तर पूर्ण बॅटरी शॉर्ट. हातातली अंगठी, कडं काढून ठेवायचं. आणि स्टिरिओला कोड असेल तर तो आधी शोधून ठेवायचा, बॅटरी सुटली की काही स्टिरिओ कोड मागतात.

मीटर लावायच्या आधी मी आणखी एक गोष्ट करते, जुन्या वायरमन लोकांची ही पद्धत आहे आणि मला ती फार आवडते. इंडिकेटरचा २१ वॅटचा एक बल्ब घ्यायचा, त्याला दोन वायरी जोडायच्या आणि मीटरच्या जागी आधी तो लावायचा. गाडीत कुठे सरळ शॉर्ट असेल तर बल्ब पूर्ण प्रकाशात पेटतो आणि त्यातून पावणेदोन अँपच्या वर करंट जाऊच शकत नाही, म्हणजे मीटर वाचतो. बल्ब अगदी मंद किंवा बंद असेल तरच मीटर लावायचा.

आमचा बल्ब पहिल्यांदा चांगला पेटला कारण ड्रायव्हरचं दार उघडं होतं आणि आतला दिवा चालू होता. इथे बहुतेक लोक फसतात. गाडी खरोखर बंद आहे, दारं लागलेली आहेत, किल्ली काढलेली आहे आणि सगळं झोपी गेलंय, अशा अवस्थेतला करंट आपल्याला हवा असतो. पण मोजायला आपण बोनेट उघडतो, फ्यूज बॉक्ससाठी दार उघडतो, आणि प्रत्येक वेळी काहीतरी जागं होतं. त्यामुळे आधी सगळी तयारी करून घ्यायची. बोनेट उघडं ठेवून त्याचा स्विच असेल तर तो दाबून ठेवायचा, दार उघडंच ठेवून त्याचं लॉक स्क्रूड्रायव्हरने फिरवून बंद करायचं म्हणजे गाडीला वाटतं दार लागलंय (नंतर हँडल ओढून ते आधी सोडवायचं, मगच दार लावायचं, नाहीतर लॉक मोडतं), किल्ली गाडीपासून लांब ठेवायची. आणि मग थांबायचं. जुन्या गाडीला काही मिनिटं पुरतात, नव्या गाड्यांना अर्धा तास किंवा त्याहून जास्त लागतो.

माझ्या मीटरवर पहिला आकडा आला १.६ अँप. दाराचं लॉक फिरवलं, आतला दिवा गेला, ०.७५. मी गाडीशेजारी नुसती बसून राहिले. बारा मिनिटांनी डॅशबोर्डच्या आतून एका रिलेचा (करंटवर चालणाऱ्या छोट्या स्विचचा) बारीक टक् असा आवाज आला आणि आकडा ०.४३ वर येऊन थांबला. पुढचा अर्धा तास तो हलला नाही.

४३० मिलिअँप. दिवसाचे दहा अँप-अवरच्या वर. दोन दिवसांत निम्मी बॅटरी. त्या आकड्याने दोन वर्षांचं सगळं कोडं उलगडलं. बाबा रोज गाडी काढायचे तेव्हा रात्रीत जेवढं जायचं त्यातलं बरंचसं दिवसा भरून निघायचं, सगळं नाही, कारण लेड अॅसिड बॅटरी शेवटचा भाग फार हळू घेते, अर्ध्या तासाच्या फेरीत ती पूर्ण भरत नाही. म्हणजे बॅटरी दिसायला ठीक पण कायम अर्धपोटी. आणि अशी अर्धी उतरलेली बॅटरी तशीच राहिली की प्लेटवर सल्फेटचे कडक खडे धरतात, ते पुन्हा विरघळत नाहीत, आणि बॅटरीची साठवायची ताकद कमी होत जाते. पहिली बॅटरी अशीच मेली. दुसरी त्याच वाटेवर होती. तिसरी घातली असती तर तीही मेली असती.

आता शोध. ०.४३ अँप बघितल्यावर माझी खात्रीच झाली की कुठेतरी दिवा चालू राहतोय, कारण पाच वॅटचा बल्ब बारा व्होल्टवर बरोबर तेवढाच करंट घेतो. डिकीचा दिवा नाहीतर ग्लव्ह बॉक्सचा. मोबाईल व्हिडिओ चालू करून डिकीत ठेवला, डिकी बंद केली, पुन्हा उघडून व्हिडिओ बघितला, मिट्ट काळोख. ग्लव्ह बॉक्सचं तेच. सन व्हायझरच्या आरशाला दिवा नाही, ब्रेक लाइट बंद, चार्जिंगचा सॉकेट किल्ली काढल्यावर बंद होतो. आकडा इतका जुळत होता की मी दिव्यांमागेच दोन तास घालवले, तिसऱ्यांदा डिकी तपासली, बल्ब काढून बघितला. मीटर ०.४३ वरच.

मधेच बाबा आले. मी आत पाणी प्यायला गेले होते, त्यांना वाटलं मी काम संपवून गेले, म्हणून त्यांनी किल्ली लावून सेल्फ मारला. मीटर वाटेतच होता. सेल्फ शंभरच्या वर अँप ओढतो आणि मीटरचा फ्यूज दहाचा, तो तिथल्या तिथे गेला. मी परत आले तर मीटरवर ०.००. दोन मिनिटं मला खरंच वाटलं की दोष गेला. मग दार उघडलं तर आतला दिवा लागेना, आणि लक्षात आलं की गाडीला करंटच पोचत नाहीये. हे मुद्दाम लिहितेय, मीटरचा फ्यूज उडाला की तो शून्य दाखवतो आणि ते शून्य अगदी हवंहवंसं दिसतं. शून्य आलं की आधी दार उघडून दिवा लागतो का ते बघा. बाबांना वाईट वाटलं, "अगं मला सांगायचंस ना" म्हणाले, आणि त्यांचं बरोबरच होतं. त्या दिवसापासून मोजमाप चालू असताना किल्ली माझ्या खिशात आणि स्टिअरिंगवर एक कागद चिकटवलेला, "किल्ली लावू नका".

मीटरला नवा फ्यूज घालून पुढच्या शनिवारी पुन्हा सुरुवात. यावेळी टर्मिनल काढताना एक काळजी घेतली. टर्मिनल सुटलं की सगळी युनिट बंद पडतात आणि जोडलं की पुन्हा जागी होतात, आणि कधीकधी अडकलेला रिले किंवा युनिट या झटक्याने सुटून दोषच तात्पुरता नाहीसा होतो. म्हणून दोन्ही टोकांना चिमटे असलेली एक वायर आधी बॅटरीच्या निगेटिव्ह खांबाला आणि केबलच्या क्लॅम्पला जोडली, मग क्लॅम्प सोडवला, मग मीटर लावला, आणि सगळ्यात शेवटी ती वायर काढली. करंट एक क्षणही तुटला नाही. आकडा पुन्हा ०.४३.

आता ते प्रसिद्ध फ्यूज काढणं. त्याचीही एक अडचण आहे, फ्यूज काढला आणि परत लावला की त्या लाइनवरचं युनिट जागं होतं, आकडा उडी मारतो आणि पुन्हा झोपेपर्यंत थांबावं लागतं. त्याच्यापेक्षा चांगली पद्धत म्हणजे फ्यूज न काढता त्याच्या दोन टोकांमधला व्होल्टेज मोजायचा. आताच्या चपट्या फ्यूजच्या डोक्यावर दोन बारीक उघडे ठिपके असतात, तिथे मीटरच्या पिना टेकवायच्या, मीटर मिलिव्होल्टवर. फ्यूज म्हणजे शेवटी एक बारीक तारच, तिला थोडासा रोध असतोच, १० अँपच्या फ्यूजचा साधारण सात-आठ मिलिओहम. करंट जात नसेल तर ०.०, जात असेल तर काहीतरी दिसतं. या पद्धतीत बॅटरीचं टर्मिनल काढायचीसुद्धा गरज नाही, त्यामुळे मीटर एकच असला तरी चालतो. फक्त मीटर ०.१ मिलिव्होल्ट दाखवणारा हवा आणि पिना टोकदार हव्यात. जुन्या काळच्या काचेच्या नळीच्या फ्यूजवरसुद्धा दोन्ही बाजूंच्या धातूच्या टोप्यांवर पिना टेकवून हे जमतं.

मी टर्मिनल जोडून, गाडी झोपू देऊन, आधी आतला आणि मग इंजिनजवळचा फ्यूज बॉक्स तपासला. सगळीकडे ०.० नाहीतर ०.१. एकाच फ्यूजवर ०.७, तो स्टिरिओचा. ०.७ ला साडेसात मिलिओहमने भागलं की साधारण ९० मिलिअँप. नंतर करंटवर मीटर लावून तो फ्यूज काढून बघितला, ०.४३ चा ०.३४ झाला. हिशेब जुळला.

स्टिरिओ मागच्या मालकाने नंतर बसवून घेतलेला आहे. बाहेर ओढला तर मागे पिवळी आणि लाल वायर एकत्र पिळून टेप लावलेली. बाहेरून बसवलेल्या स्टिरिओला सहसा पिवळी वायर म्हणजे कायमचा करंट, मेमरीसाठी, आणि लाल म्हणजे किल्ली फिरवल्यावरच येणारा करंट, स्टिरिओला जागं करायला. दोन्ही एकत्र जोडल्या की किल्ली काढली तरी स्टिरिओला वाटत राहतं की गाडी चालू आहे, पडदा बंद केला तरी तो आतून जागाच. बसवणाऱ्याने पाच मिनिटं वाचवली असतील. लाल वायर सोडवून किल्लीच्या लाइनवर घेतली, नीट सोल्डर केली, स्लीव्ह घातली. आता तो बंद असताना चारेक मिलिअँप घेतो.

खरं सांगायचं तर इथे थांबायचा मोह फार होता. दोष सापडला होता, डोळ्यांनी दिसत होता, चुकीची वायरिंग होती, दुरुस्तही झाली होती. पण मीटरवर अजून ०.३४५ होतं. मला वाटतं बऱ्याच गाड्यांच्या बाबतीत इथेच घात होतो, एक खरा दोष सापडतो, तो दुरुस्त होतो, आणि कुणी परत मोजत नाही. मग आठवड्याने बॅटरी पुन्हा बसते आणि लोक म्हणतात या गाडीचं काही कळतच नाही.

आणि उरलेल्या ०.३४५ ची गंमत अशी की तो एकाही फ्यूजवर दिसत नव्हता. सगळ्या फ्यूजवरचे मिलिव्होल्ट धरून बेरीज केली तरी वीसएक मिलिअँपच्या पुढे जात नव्हती. शेवटी खात्रीसाठी दोन्ही बॉक्समधले सगळे छोटे फ्यूज काढून ठेवले, रिले काढले, तरी मीटर ०.३३ च्या खाली येईना. बाबा खुर्ची टाकून शेजारी बसले होते, म्हणाले, "सगळं काढलंस तरी खातेच आहे, मग खातंय कोण?" बरोबर हाच प्रश्न होता. फ्यूज बॉक्समधून न जाता बॅटरीशी थेट जोडलेलं काय आहे गाडीत? दोनच जाड वायरी. एक सेल्फला, एक अल्टरनेटरला, म्हणजे इंजिन चालू असताना बॅटरी चार्ज करणाऱ्या जनरेटरला.

अल्टरनेटर मी आधीच निर्दोष ठरवून टाकला होता आणि का ते सांगते, कारण त्याच्या नेहमीच्या सगळ्या परीक्षा तो पास झाला होता. इंजिन चालू असताना बॅटरीवर १४.१ व्होल्ट, उत्तम. मीटर एसी व्होल्टवर लावून बघितला, अल्टरनेटरच्या आतला डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) गेला असेल तर तिथे अर्धा व्होल्ट किंवा जास्त दिसतो असं सांगतात, आमच्याकडे ०.०५. (स्वस्त मीटर डीसी बॅटरीवर एसीला पंचवीस-सव्वीस असा काहीतरी भलताच आकडा दाखवतात, तसं दिसलं तर घाबरू नका, तो मीटरचा दोष आहे.) सकाळी इंजिन गार असताना अल्टरनेटरला हात लावून बघा, कोमट लागला तर डायोड गळतोय, हेही ऐकलं होतं. हात लावला, थंडगार.

मग बॅटरीचं निगेटिव्ह काढलं, अल्टरनेटरच्या मागच्या जाड वायरचा नट काढला, वायरच्या टोकाला रबर आणि टेप गुंडाळून बॉडीपासून लांब बांधली, छोटा प्लगही काढला, आणि परत मीटर लावला. थांबले. ०.०१८.

१८ मिलिअँप. वायर परत जोडली, ०.३४५. काढली, ०.०१८. तीनदा केलं. दोन वर्षं आणि दोन बॅटऱ्या त्या एका नटामागे होत्या.

अल्टरनेटर हा मुळात एसी बनवतो आणि त्याच्या आतल्या प्लेटवरचे डायोड त्याचा डीसी करतात. डायोडचं दुसरं काम त्याहून कमी बोललं जातं, इंजिन बंद असताना बॅटरीचा करंट उलटा अल्टरनेटरमध्ये जाऊ न देणं. एकाच बाजूला उघडणारं दार. आमच्यातला एक डायोड पूर्ण शॉर्ट झाला नव्हता, नुसता गळत होता, आणि त्यातून आलेला करंट वाइंडिंगमधून रेग्युलेटरच्या (चार्जिंगचा व्होल्टेज ताब्यात ठेवणाऱ्या भागाच्या) बाजूने बॉडीला मिळत होता. चार्जिंग करताना डायोडमधून कितीतरी अँप जातात, त्यात पाव-तृतीयांश अँपची गळती कुणाच्या लक्षात येणार? म्हणून १४.१ व्होल्ट व्यवस्थित, म्हणून एसीचा आकडाही व्यवस्थित, तो आकडा मुख्यतः डायोड तुटला किंवा पूर्ण शॉर्ट झाला तर बिघडतो. आणि हात लावून कळायची गोष्ट म्हणाल तर ०.३३ अँप गुणिले १२ व्होल्ट म्हणजे चार वॅट, एवढा मोठा लोखंड-अॅल्युमिनियमचा गोळा चार वॅटवर हाताला जाणवेल इतका कसा तापेल! अँप-दोन अँपची गळती असेल तर ती हाताची युक्ती चालेल, आमच्यासारख्या गळतीला नाही. चार्जिंग नीट होतंय म्हणून अल्टरनेटर चांगला, हे वाक्य मी आता कधीच म्हणणार नाही.

अल्टरनेटर काढून ऑटो इलेक्ट्रिशियनकडे नेला. त्याने उघडून प्लेट वाइंडिंगपासून सोडवली आणि मीटरच्या डायोडच्या खुणेवर लावून एकेक डायोड दोन्ही बाजूंनी तपासला. चांगला डायोड एका बाजूने अर्ध्या व्होल्टच्या आसपास दाखवतो आणि पिना उलट्या केल्या की काहीच नाही. एक डायोड दोन्ही बाजूंनी आकडा दाखवत होता. त्याने शांतपणे पिन तिथेच धरून ठेवली आणि मला बघायला बोलावलं. पूर्ण डायोड प्लेट बदलली, ब्रश बघितले, ते अजून चालतील म्हणाला, बेअरिंग गुळगुळीत होतं. नवा अल्टरनेटर घ्यायची गरज पडली नाही.

या काळात मला दोघातिघांनी सांगितलं की एवढं कशाला करतेस, बॅटरीला कट-ऑफ स्विच बसव आणि रात्री बंद करत जा. महिनोन्महिने उभ्या राहणाऱ्या गाडीला तो स्विच चांगलाच आहे, मी नाही म्हणत नाही. पण गळता डायोड आहे आणि त्याच्यावर स्विच बसवलाय, हे मला पटत नाही. आज गळणारा डायोड उद्या पूर्ण शॉर्ट होऊ शकतो, आणि तो ज्या जाड वायरीवर आहे तिच्यात लगेच उडणारा छोटा फ्यूज नसतो, बऱ्याच जुन्या गाड्यांत तर नुसती एक फ्युजिबल लिंक असते, म्हणजे करंट फार वाढला तरच वितळणारा वायरचा तुकडा. एखाद्या दिवशी स्विच बंद करायला विसरलं तर? बाबा ७० च्या पुढे आहेत. त्यांना रोज बोनेट उघडून स्विच फिरवायला लावायचं आणि त्याला दुरुस्ती म्हणायचं, हे मला जमलं नसतं.

राहिलेल्या बारीकसारीक गोष्टीही त्याच ओघात केल्या. बॅटरीच्या वरच्या बाजूला धूळ आणि अॅसिडचा ओलसर थर होता, त्यातूनही थोडा करंट प्लसकडून मायनसकडे सरकत असतो, मीटरची एक पिन मायनसला आणि दुसरी बॅटरीच्या प्लास्टिकवर फिरवली तर काही व्होल्टसुद्धा दिसतात. खायच्या सोड्याच्या पाण्याने फडका ओला करून पुसली, झाकणांतून आत थेंब जाणार नाही अशा बेताने, मग साध्या पाण्याने पुसून कोरडी केली. टर्मिनल घासली. इंजिनपासून बॉडीला जाणारी अर्थिंगची पट्टी एका टोकाला गंजली होती, ती साफ करून घट्ट केली, सेल्फ जड फिरण्यात तिचाही वाटा असावा.

बॅटरी तीच ठेवली. मंद चार्जरवर रात्रभर लावली, तिची पूर्वीची ताकद काही परत येणार नाही पण अजून चालण्यासारखी आहे. सगळं जोडल्यावर पुन्हा तीच तयारी, दाराचं लॉक फिरवलेलं, किल्ली खिशात, बारा मिनिटं, टक्, आणि ०.०१८. कागदावर तारीख घालून तो आकडा लिहिला आणि ग्लव्ह बॉक्समध्ये ठेवला, पुढे कुणी या गाडीत काहीही नवीन बसवलं की परत मोजून त्याच्याशी ताडता येईल.

मग गाडी मुद्दाम काढलीच नाही. ठेवताना १२.६४ होती. १८ मिलिअँपने नऊ दिवसांचे चार अँप-अवरही होत नाहीत, म्हणजे १२.५ च्या वर राहायला हवी असा माझा हिशेब. नवव्या दिवशी सकाळी बोनेट उघडून मीटर लावला, १२.५३. बाबांना किल्ली दिली. त्यांनी स्टिअरिंगवरचा कागद काढला, घडी घालून खिशात ठेवला, मला विचारलं, "आता लावू?" आणि गाडी पहिल्याच सेल्फला सुरू झाली.